उघाडीचं उलटं दार

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी "अहो, एवढं काय होतं त्यात?" म्हणायला नको. त्यात बरंच काही होतं.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची. कर्वेनगरला माझ्याकडेच असते. ती मूळची अलिबागकडच्या खारेपाटातली. खाडीलगतचा सपाट पट्टा तो. समुद्राचं पाणी अडवायला मातीचे लांबच लांब बांध घातलेत आणि बांधाच्या आत भात होतं. लग्न होऊन ती पुण्यात आली, वडील खडकीला कारखान्यात होते, आणि त्यानंतर माहेरी गेली ती बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. गावाचा विषय निघाला की एकच वाक्य: "बांध होता, चिखल होता, दुसरं काय?" आणि उठून स्वयंपाकघरात. लहानपणी आम्ही भावंडांनी खोदून खोदून विचारलं. हूं नाही की चूं नाही. आमच्या घरात सगळ्या गोष्टी मोकळेपणाने बोलल्या जायच्या. दीक्षा कशी घेतली, घरातले देव कसे काढले, पांढरं लुगडं कुणाकडून मागून आणलं, सगळं. पण आईच्या गावातला बांध म्हटला की दार बंद.

त्यामुळे गेल्या हिवाळ्यात तिने स्वतःहून "जाऊ या" म्हटलं तेव्हा मी पोळी लाटता लाटता थांबले. झालं होतं असं की कुणीतरी मला मोबाइलवर एक जाहिरात पाठवली होती. त्याच गावात म्हणे किनारी निसर्ग आणि वारसा शिक्षण केंद्र सुरू झालंय. कांदळवनं, पक्षी, शिंपले, गावचा इतिहास, शाळांसाठी सहली, असं सगळं. खाली फोटो, बांधाचा. मी सहज वाचून दाखवलं. आईला आता वाचता येत नाही, डोळ्यांच्या मधोमध काळा डाग आहे, कडेकडेचं तेवढं दिसतं.

"बांधाचं काय लिहिलंय त्यांनी?" आईने विचारलं.

"इथे काही नाही. फोटोच आहे नुसता."

"मग तिथे लिहिलं असेल. जाऊन बघू या. आमचं काय लिहिलंय ते बघायचंय मला."

सरळ साधी मागणी. आजवर तिने माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी मला तोंडपाठ सांगता येतील, इतक्या कमी आहेत. म्हटलं, जायचंच. माझ्या धाकट्या भावाने फोनवर नेहमीप्रमाणे शहाणपणा केला. "अगं, तिचं वय काय, रस्ता काय, झेपेल का?" मी म्हटलं, "तू येणार आहेस का उचलायला? नाही ना? मग ठेव फोन."

सकाळीच गाडी करून निघालो. घाटात आईने आवळासुपारी तोंडात धरली आणि डोळे मिटून बसली. मला वाटलं झोपली. गाडी खाली उतरल्यावर म्हणाली, "वास आला." मला कसलाही वास आला नव्हता. थोड्या वेळाने आला, खारट, चिखलाचा. ती सरसावून बसली होती.

केंद्र देखणं होतं, उगाच नावं ठेवणार नाही. जांभ्या दगडाच्या भिंती, कौलं, सावलीला बाक. एक तरतरीत मुलगी आम्हाला माहिती द्यायला आली. वागायला गोड, आईचा हात धरून चालणारी. तिने तिवरांची मुळं दाखवली, खेकड्यांच्या कवचांची रांग दाखवली, कुठल्याशा पक्ष्याचा आवाज मोबाइलवर ऐकवला. आई सगळ्याला "हो, हो" म्हणत पुढे सरकत होती. तिला शिंपल्यांशी देणंघेणं नव्हतं. एकदा फक्त त्या मुलीला म्हणाली, "बाई, हे मला माहीत आहे गं. बांध कुठे आहे?"

बांध शेवटच्या दालनात होता. भिंतीवर मोठा फलक आणि त्याच्यासमोर टेबलावर एक प्रतिकृती. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकची हिरवी भातशेती, मधे मातीचा बांध आणि बांधातून आरपार एक मोरी. तिला तिकडे उघाडी म्हणतात. मोरीच्या तोंडावर लाकडाची छोटी फळी टांगलेली असते, तेच तिचं दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर जाऊ द्यायचं आणि भरतीला खाऱ्या पाण्याला आत येऊ द्यायचं नाही, एवढं त्या दाराचं काम. शेजारी पाटी: "हात लावू नये. पाणी ओतू नये."

आईने मला फलक वाचायला सांगितला. मी वाचला. मजकूर असा होता की गावच्या खोत घराण्याने दूरदृष्टीने हा बांध बांधून समुद्राला थोपवलं आणि ओसाड जमीन सुपीक केली.

"कुणी बांधला?" आई म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

"परत वाच."

तिसऱ्यांदा वाचलं. तोवर वाघोलीहून आलेल्या कुठल्याशा शाळेची पोरं दालनात शिरली होती. त्यांच्या गलक्यात माझा आवाज मलाच ऐकू येईना. आई म्हणाली, "खोताला चिखलात उतरलेला मी कधी बघितला नाही." एवढंच. रागावली नाही, रडली नाही. ती वळली आणि तिने सरळ त्या टेबलावरच्या बांधावर हात ठेवला.

"आजी, हात नका ना लावू," ती मुलगी हळूच म्हणाली.

आई बोटांनी चाचपत होती. बांधाचा उतार, मोरीचं तोंड, मग दुसरं तोंड, मग फळी. फळीशी आली आणि थांबली. पुन्हा चाचपली. मला वाटलं, आता हिला भरून आलंय. भरून कसलं येतंय! ती ताडकन म्हणाली, "हे दार उलटं आहे. गाव बुडवाल तुम्ही!"

मला काही कळलं नाही. त्या मुलीलाही नाही. आईने आम्हा दोघींना समजावलं, अगदी मी पहिलीत असताना पाढे समजवायची तसं. दार शेताच्या बाजूला टांगलंय. म्हणजे भरतीचं पाणी येणार, दाराला आत ढकलणार, दार उघडणार, खारं पाणी शेतात. दार पाहिजे खाडीच्या बाजूला. भरती आली की पाणीच दाराला मोरीवर दाबून धरतं. जितकी मोठी भरती तितकं दार घट्ट. आणि ओहोटीला आतलं पाणी त्याला बाहेर ढकलतं आणि निघून जातं. कुणी माणूस लागत नाही, कडी लागत नाही. "तोच दाबतो, तोच बंद करतो," आई म्हणाली. तो म्हणजे समुद्र.

"आजी, पण हे तज्ज्ञांनी बनवलंय," मुलगी म्हणाली. बिचारीचा आवाज खाली आला होता.

तज्ज्ञ म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. बत्तीस वर्षं मी भूमी अभिलेखात नोकरी केली, तज्ज्ञ काय असतात ते मला चांगलं ठाऊक आहे. मी पर्समधून पाण्याची बाटली काढली. "पाणी ओतू नये" ही पाटी मला दिसली नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. नीट दिसली. मी ओतलं. अख्खी बाटली, खाडीच्या बाजूला.

दाराने मुकाट्याने मान वर केली आणि पाणी शेतात शिरलं. प्लॅस्टिकची भातरोपं सुटून तरंगायला लागली. वाघोलीच्या पोरांनी टेबलाला गराडा घातला. "ओ माय गॉड, सगळं शेत गेलं!" एक जण किंचाळला. "मिस, लुक ना, फ्लड आला!" पोरं खूश, त्यांच्या बाई घाबऱ्याघुबऱ्या आणि केंद्राचे व्यवस्थापक आतून धावत बाहेर. त्यांनी आधी टेबलाकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या रिकाम्या बाटलीकडे.

"मॅडम, हे काय केलंत आपण?"

"मी नाही केलं. दाराने केलं."

ते काही बोलायच्या आत आईने माझ्याकडे हात केला. "तुझ्या अंबाड्यातले दोन आकडे दे." मी काढून दिले. तिने फळी खिळ्यांवरून सोडवली, आकडे वाकवले, खाडीच्या बाजूच्या मातीत रोवले, फळी त्यांना टांगली. बोटांना सगळं पाठ होतं, डोळ्यांची गरजच नव्हती. मग त्या मुलीला म्हणाली, "आता ओत." मुलीने व्यवस्थापकांकडे बघितलं नाही. स्वतःची बाटली उघडली आणि ओतली. दार मोरीवर चपखल बसलं. एक थेंब आत गेला नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि खोटं कशाला सांगू, मीही वाजवल्या.

व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता. खजील झाला होता. म्हणाला, दार दुरुस्त करून घेऊ, धन्यवाद. मी म्हटलं, दाराचं झालं, आता भिंतीचं बोला. हा बांध खोताने बांधलेला नाही, आईची बोटंच सांगताहेत. तिच्या वाडीने बांधला आणि राखला, आणि त्यांचं नाव इथे कुठेही नाही. त्यावर ते म्हणाले, फलकाचा मजकूर आमच्या हातात नाही, पुण्याचे सल्लागार आहेत, सगळं डिझाइन त्यांचंच. मी विचारलं, पुण्यात कुठे? म्हणाले, सदाशिव पेठेत.

म्हणजे इतका घाट उतरून जायचं कारणच नव्हतं! माझ्या घरापासून स्कूटरवर पंधरा मिनिटं.

परतीच्या वाटेवर आई डोळे मिटून बसली. मी मात्र गाडीत अखंड तोंडाचा पट्टा सोडला होता. शेवटी ती म्हणाली, "नुसतं बोलू नको. जा." मी दुसऱ्याच दिवशी गेले.

सल्लागारांचं ऑफिस एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, खाली कसले तरी क्लास. स्कूटर लावायला जागा मिळेपर्यंत तीन चकरा झाल्या. दारावर पाटी: "भेटीची वेळ ठरवून यावे. न ठरवता आलेल्यांसाठी बाहेर बाक आहे." मी बाकावर बसले. पाऊण तास बसले. आतून एक मुलगा दोनदा डोकावून गेला, मी हललेली नाही याची खात्री करून घ्यायला. शेवटी आत बोलावलं.

गृहस्थ पंचेचाळिशीचे, खादीचा कुडता, अतिशय सभ्य. चहा मागवला. मी सांगायचं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आमचा मजकूर संशोधनावर आधारलेला असतो. खोत घराण्याची जुनी दप्तरं आम्ही स्वतः पाहिलीत. आपल्याकडे काही लेखी पुरावा आहे का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पण ऑफिसात बत्तीस वर्षं काढली की आग कुठे वापरायची ते माणूस शिकतो. मी चहा संपवला.

म्हटलं, "दप्तरात काय असतं ते मला नका सांगू. मी तेच सांभाळलंय. जमीन कुणाची, ते दप्तरात असतं. माती कुणी वाहिली, ते नसतं. ते लिहायला वहीच नव्हती कुणाकडे. आणि पुराव्याचं म्हणाल, तर तुमच्याकडे सगळी दप्तरं असून तुम्ही उघाडीचं दार उलटं बसवलंत. माझ्या आईकडे एक कागद नाही, तिला धड दिसत नाही, तिने ते दोन मिनिटांत सुलटं केलं. मला सांगा, तो बांध कुणाच्या हातचा आहे?"

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग कसंनुसं हसून म्हणाले, "दाराचं चुकलं, मान्य. काय आहे, आपल्याकडे दारं आत उघडतात ना, आमच्या मुलांनी त्याच हिशेबाने..."

"समुद्र काय पाहुणा आहे? आत या, बसा म्हणायला?"

आता ते खरंच हसले. मीही हसले, नाइलाजाने. त्यानंतर मात्र त्यांनी वही ओढली. म्हणाले, मी नवा मजकूर करून पाठवतो, आठवड्याभरात. आणि पाठवला. माणूस शब्दाचा पक्का, हे मान्य केलं पाहिजे.

त्यांनी पाठवलेला मजकूर कोपऱ्यावरच्या दुकानात छापून घेऊन मी घरी आले तेव्हा अगदी हवेत होते. येताना आंबा बर्फी घेऊन आले. आईसमोर चहाचा कप ठेवला, खुर्ची ओढली आणि मोठ्याने वाचलं: "हा बांध स्थानिक ग्रामस्थांच्या श्रमदानातून उभा राहिला." आणि वाट बघत बसले, शाबासकीची.

आईने कप खाली ठेवला.

"श्रमदान?"

"हो ना. खोत काढला, बघ, पार काढून टाकला."

"दान कुणी केलं?"

मी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

"दान माणूस आपण होऊन करतो," आई म्हणाली. "आम्हाला धरून न्यायचे."

मग आईने सांगितलं. मी साठीला आले तेव्हा, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, पहिल्यांदा. उधाणाने बांध फुटायचा, त्याला खांड गेली म्हणायचे. खांड गेली की खोताचा माणूस वाडीच्या कडेला उभा राहून हाक द्यायचा. घरटी एक बाई, एक पुरुष. नाही म्हणायची सोय नाही. आई तेव्हा दहा-बारा वर्षांची, आजीबरोबर ती पण. कमरेएवढ्या चिखलात रांग लावायची आणि मातीच्या टोपल्या हातोहात पुढे द्यायच्या. ओहोटी आहे तोवर काम उरकायचं, कारण भरती थांबत नाही. तहान लागली की बांधावरून कुणीतरी पाणी ओतायचं, खालून ओंजळ धरायची. ज्या बांधावर आपण माती घातली त्याच्यावर चढून पाणी प्यायचं नाही. "आमचा एक तुकडा होता भाताचा," आई म्हणाली. "खालच्या अंगाला. उधाणाचं पाणी त्यातही शिरलेलं असायचं. पण आधी खोताची खांड. आमच्या खांडीपर्यंत येईस्तोवर रोपं पिवळी पडून गेलेली. दोन वर्षं लागोपाठ तसं झालं. आई बांधावर माती घालत होती आणि तिला तिथून आमचं शेत दिसत होतं."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. आपणच वाचलं, आपणच खूश झालो, बर्फी आणली! मी त्यांच्याशी भांडून त्यांचाच गोड शब्द घरी घेऊन आले होते. आणि लाजेमागून जो राग आला तो आधीच्या रागासारखा फटकन येऊन जाणारा नव्हता. तो अजून आहे.

"काय लिहायचं ते तू सांग," मी म्हटलं, आणि सल्लागारांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

आईने सांगितलं. "लिहा. हा बांध इथल्या बौद्धवाडीतल्या माणसांनी बांधला. राजीखुशीने नाही, वेठीने."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग सल्लागार फार मऊ आवाजात म्हणाले, "आजी, आपलं दुःख मी समजू शकतो. पण केंद्राला जागा त्याच घराण्याने दिली आहे. शिवाय लहान मुलं येतात. फलकावर असं लिहीत नाहीत."

"मग लिहू नका," आई म्हणाली. "भिंत कोरी ठेवा. पण खोटं नका लिहू." आणि मला म्हणाली, बंद कर तो फोन.

त्यानंतर मी काय केलं? मला येतं ते केलं. दर सोमवारी एक पत्र, सुरुवातीलाच आईची ती दोन वाक्यं. एक प्रत केंद्राला, एक सल्लागारांना, एक त्या सरकारी खात्याला ज्याने केंद्राला परवानगी दिली होती. पोच घेतल्याशिवाय टपाल सोडायचं नाही, हा माझा जुना शिरस्ता. फलकाचा मजकूर कुणी मंजूर केला, कोणत्या आधारावर, वाडीतल्या किती माणसांना विचारलं, सगळं माहितीच्या अधिकारात मागितलं. भाऊ म्हणाला, "जाऊ दे ना ताई, आता कशाला जुनं उकरून काढायचं? आपलं सगळं बरं चाललंय." मी त्याला आईसमोर बसवलं आणि आईला म्हटलं, तू सांग याला, जे मला सांगितलंस ते. तिने सांगितलं. पुढच्या सोमवारचं पत्र त्याने टाइप करून दिलं, आणि त्यात मी घातले नव्हते असे दोन कडक शब्द होते.

सोमवार गेले. किती गेले ते मोजले नाहीत. उत्तरं यायची ती "योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित" या थाटाची. अशी उत्तरं मी स्वतः हजारोंनी लिहिली आहेत. असं उत्तर आलं म्हणजे पुढचं पत्र कुणाला लिहायचं, तेवढंच त्यातून शिकायचं. मी लिहीत राहिले. आई दर सोमवारी विचारायची, "टाकलंस?" मी म्हणायचे, "टाकलं." तिने कधीही "काय झालं?" असं विचारलं नाही.

मग एके दिवशी त्या केंद्रातल्या मुलीचा फोन आला, माहिती देणाऱ्या. म्हणाली, "मावशी, नवा फलक लागलाय. आजींना घेऊन या." मी विचारलं, काय लिहिलंय? तर म्हणाली, "येऊनच वाचा." मला वाटलं, आणखी एखादं श्रमदान. मी पुढच्या पत्राचा मजकूर डोक्यात जुळवतच गाडीत बसले.

फलक त्याच भिंतीवर होता. खोतांबद्दल एक ओळ होती, की जमीन त्यांची होती. हरकत नाही, होतीच. आणि त्याच्या खाली, त्याच टायपात, त्याच आकारात, आईची दोन्ही वाक्यं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. ती मुलगी शेजारी उभी होती. नंतर कळलं की व्यवस्थापकांबरोबरच्या बैठकीत तिने सांगितलं होतं, फलक बदलणार नसाल तर मी त्या दालनात पोरांना माहिती देणार नाही, तुम्ही द्या. नोकरी पक्की नव्हती तिची. ते ऐकून मी तिचा हात घट्ट दाबला.

मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परत वाच." वाचलं. "परत." तिसऱ्यांदा वाचलं. तिने मान डोलावली आणि बसायला खुर्ची मागितली.

त्या दिवशीही एका शाळेची सहल आलेली होती. पोरं फलकासमोर येऊन उभी राहिली. एक मुलगी, असेल चौथी-पाचवीतली, बोट फिरवत मोठ्याने वाचायला लागली. दुसऱ्या वाक्याशी अडखळली.

"वेठीने म्हणजे काय?" तिने त्यांच्या बाईंना विचारलं.

बाई चुळबुळल्या. म्हणाल्या, "म्हणजे... पूर्वी तशी पद्धत होती. चला, पुढे चला."

"इकडे ये," आई खुर्चीतून म्हणाली. "मी सांगते."

आणि जी बाई साठ वर्षं माझ्यासमोर एक शब्द बोलली नव्हती, तिने त्या अनोळखी पोरांना सगळं सांगितलं. हाक कशी यायची, रांग कशी लावायची, टोपली किती जड, पाणी कसं प्यायचं, आपलं शेत खारवताना लांबून कसं बघायचं. काही गाळलं नाही, काही रंगवलं नाही. पोरं जमिनीवर बसली होती. बाई घड्याळ बघत होत्या, मग बघायच्या थांबल्या.

आईचं सांगून झालं तरी ती वाचणारी मुलगी कपाळाला आठ्या घालून बसली होती. तिला पटलेलं नव्हतं. ती एकदम म्हणाली, "मग तुम्ही नाही म्हणायचं ना!"

"अगं, असं बोलतात का मोठ्यांना?" बाई तिच्या अंगावर ओरडल्या. मीही पुढे सरसावले, काहीतरी समजावून सांगायला. आईने हात वर करून आम्हा दोघींना थांबवलं.

"बरोबर बोलतेय ती," आई म्हणाली. मग तिने त्या मुलीच्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. "तेव्हा म्हणता आलं नाही, बाळा. आत्ता म्हणतेय."